दोन हजारी लीग: बारा रनिंग बॅक, एक क्रमवारी (प्रकल्प नोंदी)

शनिवार, ५ जुलै २०२५

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवतो, म्हणजे मध्ये फाटे फुटले तर इथे परत येता येईल. बारा संघांची काल्पनिक अमेरिकन फुटबॉल लीग. प्रत्येक संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा), लाइन (पुढे उभे राहून वाट मोकळी करणारे), बचाव, किकर सगळे एकाच मध्यम दर्जाचे. वेगळा फक्त रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, आणि तोही त्याच्या एका ठरावीक मोसमातला. प्रत्येक संघ उरलेल्या अकरांशी दोनदा खेळणार, म्हणजे मोसमाला २२ सामने. असे हजारो मोसम पायथनमध्ये खेळवायचे आणि कोण वरचढ ठरतो ते बघायचं.

मुदत ४ सप्टेंबर. त्या दिवशी एनएफएलचा (अमेरिकेतली खरी व्यावसायिक लीग) नवा मोसम सुरू होतोय, त्याच्या आत यादी दादाच्या हातात पडायला हवी. दादा म्हणजे मावसभाऊ, नव्वदच्या दशकापासून डेट्रॉइटजवळ राहतो. त्याच्या यादीत एकच नाव आहे: डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स. बाकी अकरांचा क्रम मी हवा तसा लावावा, त्याची हरकत नाही. यावर जेवणाची पैजही आहे.

नऊ नावं आयतीच मिळाली. एका मोसमात २,००० यार्ड धावलेले आजवर नऊच जण आहेत: ओ. जे. सिम्पसन (१९७३), एरिक डिकरसन (१९८४), सँडर्स (१९९७), टेरेल डेव्हिस (१९९८), जमाल लुइस (२००३), ख्रिस जॉन्सन (२००९), एड्रियन पीटरसन (२०१२), डेरिक हेन्री (२०२०) आणि सेक्वान बार्कली (२०२४). उरलेल्या तीन जागा मी भरल्या: जिम ब्राउन (१९६३), वॉल्टर पेटन (१९७७), मार्शल फॉक (१९९९). सिम्पसन १९७३चा घेतोय; मैदानाबाहेरचं इथे काही मोजत नाही.

एमिट स्मिथ बाहेर राहिला. १८,३५५ यार्डांचा कारकिर्दीचा विक्रम त्याचाच, पण त्यात मोठा वाटा पंधरा मोसम उभं राहण्याचा आहे, आणि माझी लीग एका मोसमाची आहे. यावरून बोलणी खावी लागणार हे माहीत आहे.

रविवार, ६ जुलै

आकडे भरून झाले. एका ओळीत एक खेळाडू: सामने, कॅरी (चेंडू घेऊन एकदा धावणं म्हणजे एक कॅरी), यार्ड, झेल, झेलांचे यार्ड, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, सहा गुण).

एकूण यार्डांवर क्रम लावला तर डिकरसन पहिला, २,१०५. पीटरसन आठच यार्ड मागे, २,०९७. पण सामने सारखे नाहीत. ब्राउन, सिम्पसन आणि पेटन यांच्या काळी मोसम १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६चा झाला, २०२१ पासून १७चा. डिकरसनचे १४ सामन्यांनंतर १,७९२ यार्ड होते. पंधराव्या सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध २१५ काढले तेव्हा कुठे सिम्पसनचे २,००३ मागे पडले. उलट बार्कलीला २०२४च्या शेवटच्या सामन्यात बसवून ठेवलं. विक्रमाला १०१ यार्ड हवे होते, पण संघाला प्लेऑफची (मोसमानंतरच्या बाद फेरीची) काळजी. नंतर सुपर बोल (अंतिम सामना) जिंकला, त्यामुळे कुणी फार तक्रार केली नाही.

सामन्यामागे हिशेब केला की चित्र बदलतं: सिम्पसन १४३.१, ब्राउन १३३.१, पेटन १३२.३, आणि मग डिकरसन १३१.६. कॅरीमागे केला की पुन्हा बदलतं: ब्राउन ६.४०, सँडर्स ६.१३, सिम्पसन आणि पीटरसन दोघेही ६.०३. तळाला डेव्हिस, ५.१२. तीन मोजपट्ट्या, तीन वेगळे पहिले.

माझ्या लीगमध्ये सगळ्यांना जवळपास सारख्याच कॅरी मिळणार, म्हणून कॅरीमागचे यार्ड हाच पाया धरतोय.

शनिवार, १२ जुलै

आज इंजिन. एक डाव कसा चालतो ते लिहायचं होतं: डाउन (दहा यार्ड गाठायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक), नव्या पहिल्या डाउनसाठी उरलेलं अंतर, मैदानावरची जागा, घड्याळ, गुणफलक. ते तसं सोपं. वेळ खाल्ला धावेच्या आकड्याने.

एका कॅरीत किती यार्ड मिळतील, हा आकडा घंटेच्या आकाराच्या आलेखातून काढून चालत नाही. खऱ्या खेळात बहुतेक धावा शून्य ते पाच यार्डांत संपतात, काही उलट्या मागे जातात, आणि अधूनमधून एखादी सत्तर यार्डांची सुटते. सरासरी वर ओढतात त्या याच सुटलेल्या धावा. म्हणून तीन पेट्या केल्या: अडकलेली धाव, साधी धाव, सुटलेली धाव. प्रत्येक बॅकसाठी पेट्यांचं प्रमाण वेगळं. हेन्रीच्या अडकलेल्या धावा कमी. सव्वासहा फुटांचा तो गडी पडतानाही पुढेच पडतो. सँडर्सचं धावणं कबड्डीतल्या चढाईसारखं: आत घुसायचं, हुलकावणी द्यायची, मागे यायचं, पुन्हा घुसायचं. त्यात चार यार्ड मागेही सापडायचा आणि चाळीस यार्ड पुढेही निघून जायचा. त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पेट्या मोठ्या ठेवल्या.

इंजिनाची परीक्षा म्हणून ३१ डिसेंबर १९९४चा प्लेऑफ सामना घेतला. ग्रीन बेविरुद्ध सँडर्सच्या १३ कॅरी आणि एकूण यार्ड उणे एक. कॅरीमागे पाच यार्ड आणि प्रत्येक कॅरी स्वतंत्र, असा साधा हिशेब केला तर असा सामना हजारात एखादा निघतो. दहा मोसमांच्या कारकिर्दीत तो सहसा दिसू नये. पण सामन्यातल्या कॅरी स्वतंत्र नसतातच: त्या दिवशीचा बचाव, आपल्या लाइनचा दिवस, मैदान, सगळं सगळ्या कॅरींना एकदम लागू होतं. म्हणून प्रत्येक सामन्याला एक ‘दिवस’ दिला, थोडा बरा किंवा थोडा वाईट. आता उणे एकचा सामना दुर्मीळ आहे, पण अशक्य वाटत नाही.

रविवार, १३ जुलै

छोटंच काम, पण महत्त्वाचं. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या क्वार्टरमध्ये घड्याळ पळवायला धावत राहतो, पिछाडीवरचा पास टाकतो. ‘आमच्या बॅकने शंभर यार्ड केले की आम्ही जिंकतो’ हे वाक्य समालोचनात इतकं ऐकू येतं, त्यात निम्मा कार्यकारणभाव उलटा असतो: जिंकत होते म्हणून शंभर झाले. इंजिनात हे घातल्याशिवाय एकूण यार्डांना अर्थ नव्हता. सामन्याला सरासरी १८च्या आसपास कॅरी पडतायत, मोसमाला साधारण ४००.

शनिवार, १९ जुलै

आजची नोंद लांबणार, कारण प्रकल्पाचा कणा इथे आहे.

एका कॅरीतल्या यार्डांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून नेहमी पडणारा फरक) साधारण सहा यार्ड धरलंय. मग ४०० कॅरींच्या मोसमात निव्वळ नशिबाने होणारी हलचाल किती? सहा गुणिले ४००चं वर्गमूळ, म्हणजे १२० यार्ड. तोच माणूस, तीच ताकद, तीच लाइन, आणि पुन्हा तोच मोसम खेळवला तर एकदा २,००० आणि एकदा १,८८० यार्ड येणं ही अगदी रोजची गोष्ट झाली. डिकरसन आणि पीटरसनमधले आठ यार्ड या हिशेबात कुठे दिसतच नाहीत. २,००० आणि १,९९९ यांत तर फरक काहीच नाही, पण एकाचं नाव दोन हजारींच्या यादीत आणि दुसरा विस्मरणात. (माझी नऊ नावंही त्याच यादीतून आली, हे खरंच.)

याचा दुसरा अर्थ जास्त जाचक आहे. मी प्रत्येकाचा सर्वोत्तम मोसम उचलला. सर्वोत्तम मोसम म्हणजे ज्यात ताकद होतीच, पण वर नशीबही धावून आलं असा मोसम. ६.४० किंवा ६.१३ हा आकडा जसाच्या तसा इंजिनात घातला तर मी त्यांचं नशीब त्यांची ताकद म्हणून नोंदवतोय.

उपाय ठरलेला: आकडा सरासरीकडे ओढायचा. प्रत्येकाच्या खऱ्या कॅरींत सरासरी बॅकच्या ३०० कॅरी मिसळायच्या, कॅरीमागे ४.२ यार्डांनी. ३०० का? रनिंग बॅकांच्या खऱ्या ताकदीत कॅरीमागे ०.३५ यार्डांचं स्टँडर्ड डेव्हिएशन आहे असं मी गृहीत धरलंय. सहाचा वर्ग ३६, त्याला ०.३५च्या वर्गाने भागलं की २९४ येतं. ३०० सुटसुटीत. ज्याला ०.३५ पटत नाही त्याने आपला आकडा घालून बघावा, स्क्रिप्टमध्ये ती एकच ओळ आहे.

रविवार, २० जुलै

ओढल्यानंतरचे आकडे. आधी मूळ, मग ओढलेला:

ब्राउन ६.४० → ५.२८
सँडर्स ६.१३ → ५.२२
पीटरसन ६.०३ → ५.१८
सिम्पसन ६.०३ → ५.१६
बार्कली ५.८१ → ५.०६
जॉन्सन ५.६० → ४.९६
डिकरसन ५.५५ → ४.९६
पेटन ५.४६ → ४.८७
हेन्री ५.३६ → ४.८५
लुइस ५.३४ → ४.८४
फॉक ५.४६ → ४.७८
डेव्हिस ५.१२ → ४.७२

पहिल्या आणि शेवटच्यातलं अंतर १.२८ वरून ०.५६ वर आलं. फॉक पेटनच्या बरोबरीने सुरू झाला आणि तीन जागा खाली गेला, कारण त्याच्या कॅरी फक्त २५३. कमी पुरावा, जास्त ओढ.

पद्धत ठीक आहे का हे बघायला कारकिर्दीच्या सरासरीशी ताडून पाहिलं. ब्राउनची कारकिर्दीची सरासरी ५.२२, नऊ मोसम आणि २,३५९ कॅरी मिळून. माझा ओढलेला आकडा ५.२८. म्हणजे ब्राउनच्या १९६३मधलं नशीब बाजूला काढलं की जो उरतो तो जवळजवळ रोजचाच ब्राउन. सँडर्स ४.९९, फार लांब नाही. बाकीचे धडाधड कोसळतात: पीटरसन ४.६२, सिम्पसन ४.६७, डेव्हिस ४.६०, जॉन्सन ४.४६, डिकरसन ४.४३, पेटन ४.३६. यात म्हातारपणाचे मोसमही आहेत हे मान्य. सँडर्सने आणि ब्राउनने ऐन भरात असताना खेळ सोडला, त्यामुळे त्यांची सरासरी घसरायला वेळच मिळाला नाही. ब्राउन तिशीत निवृत्त झाला, नऊपैकी आठ मोसमांत धावण्यात पहिला येऊन. तरीसुद्धा.

दादाला हे आकडे पाठवले. लगेच फोन. “अरे, त्याला इथल्या सिल्व्हरडोम स्टेडियममध्ये बघितलाय मी. ९७च्या थँक्सगिव्हिंगला बेअर्सविरुद्ध १६७ यार्ड. तुझ्या एक्सेलला काय कळणार?” मी म्हटलं, दादा, एक्सेल त्याला दुसराच नंबर देतंय. तर म्हणे, “तेच तर.”

शनिवार, २६ जुलै

लाइनचं काय करायचं? माझ्या लीगमध्ये सगळ्यांची लाइन सारखी, पण मी जे आकडे आत घालतोय त्यांत त्यांची जुनी लाइन मुरलेली आहे.

डेव्हिसचं उदाहरण सगळ्यांत उघड. १९९५च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर निवडलेला मुलगा तीन वर्षांनी २,००८ यार्ड करतो. १९९९ मध्ये चौथ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी आला, १,१५९ यार्ड. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतला माइक अँडरसन, १,४८७. मग २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिस, १,५०८. त्याच्या संघाची, डेन्व्हरची, झोन ब्लॉकिंग (लाइनने माणसाऐवजी आपापला पट्टा अडवून वाट काढायची पद्धत), अ‍ॅलेक्स गिब्जने बसवलेली, जो येईल त्याला हजारी करत होती. डेव्हिस या सगळ्यांपेक्षा वरचढ होता यात मला शंका नाही. त्या १९९८च्या प्लेऑफमध्ये तीन सामन्यांत ४६८ यार्ड कुणी लाइनच्या भरवशावर करत नाही. पण त्याच्या आकड्यातला काही भाग लाइनच्या खात्यावर टाकावाच लागतो.

ब्राउनपुढेही जीन हिकरसनसारखा लाइनमधला गार्ड होता, तो नंतर हॉल ऑफ फेममध्ये गेला. पीटरसनची गोष्ट उलटी: २०१२च्या त्याच्या संघाचा, व्हायकिंग्जचा, पास इतका लंगडा होता की बचाव आठ-आठ जण पुढे उभे करायचे, आणि हा गडी आदल्या २४ डिसेंबरला गुडघ्याचं लिगामेंट तुटल्यावर वर्षभरात परत येऊन २,०९७ करतोय.

सँडर्सची लाइन भिकार होती, हे डेट्रॉइटमध्ये वेदवाक्य आहे. मला ते पूर्ण पटत नाही. लोमास ब्राउनसारखा लाइनमधला टॅकल १९९५ पर्यंत तिथेच होता. १९९७ मध्ये नवे प्रशिक्षक बॉबी रॉस आले आणि सँडर्सच्या पुढे टॉमी व्हार्डेल हा फुलबॅक (बॅकच्या पुढे वाट काढणारा) उभा राहू लागला. पहिल्या दोन सामन्यांत मिळून ५३ यार्ड, पुढच्या १४ सामन्यांत बरोबर २,०००, आणि त्या चौदापैकी एकही सामना शंभराच्या खाली नाही.

शेवटी अंदाजानेच दुरुस्ती केली: डेव्हिसला थोडं खाली, पीटरसनला थोडं वर, बाकीच्यांना हात लावला नाही. हा माझा कौल आहे, मोजमाप नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवलाय. तो शून्य केला की मूळ आकडे परत येतात.

शनिवार, २ ऑगस्ट

पहिल्यांदा लीग सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावली. पहिल्याच मोसमात धावण्यात पहिला आला जमाल लुइस.

कागदावरचा हिशेब असा: ब्राउन आणि डेव्हिसमधला ०.५६चा फरक ४०० कॅरींवर २२४ यार्ड होतो. दोन बॅकांच्या मोसमी आकड्यांतल्या फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन मात्र १७० यार्ड. म्हणजे बारांतला तळाचा डेव्हिसही दहातल्या एखाद्या मोसमात ब्राउनच्या पुढे जाणार. ब्राउन आणि सँडर्समध्ये तर २४ यार्डच. शंभर मोसमांतले ४४ सँडर्सचे. इंजिन चालवून जे येतंय ते याच्याशी जुळतंय, फक्त ‘दिवस’ घातल्यामुळे हलचाल आणखी थोडी वाढलीय. बारा जणांची लीग असल्यावर एखाद्या मोसमात लुइस पहिला येणं म्हणजे काहीच विशेष नाही.

एक सामना ओळीनं वाचून काढला, इंजिन शहाण्यासारखं खेळतंय का बघायला. चौथा क्वार्टर, सँडर्सचा संघ तीन गुणांनी मागे. तिसरा डाउन, दोन यार्ड हवेत: सँडर्स, उणे चार. पंट, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे. पुढच्या वेळी चेंडू स्वतःच्या २८ यार्डांवर, पहिला डाउन: सँडर्स, एक यार्ड. दुसरा डाउन: सँडर्स, ७१ यार्ड, टचडाउन. त्याच परिस्थितीत पेटनच्या संघाची एक चढाई वाचली: चार, पाच, तीन, सहा, चार, आणि असं करत करत फील्ड गोल (लाथेने मिळवलेले तीन गुण). कॅरीमागचे यार्ड सँडर्सचे जास्त, पण तिसऱ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना मी चेंडू पेटनकडे दिला असता.

यासाठी यशस्वी धावांचं प्रमाणही मोजायला घेतलं. रूढ नियम वापरला: पहिल्या डाउनला हव्या असलेल्या अंतराच्या ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण अंतर मिळालं तर धाव यशस्वी. या रकान्यात सँडर्स घसरतो आणि हेन्री, पेटन, डेव्हिस वर येतात. डेव्हिस सगळ्यांत जास्त. लहान-लहान, पण न चुकणाऱ्या धावा.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. ताई सकाळीच आली, मग दिवसभर संगणक बंद.

रविवार, १० ऑगस्ट

फम्बल. म्हणजे हातातून चेंडू सांडणं. हा भाग मी किरकोळ समजून शेवटी ठेवला होता, आणि क्रमवारीला सगळ्यांत मोठा धक्का यानेच दिला.

गुणांत हिशेब करू. साधारण १५ यार्डांना एक गुण धरला, तर ब्राउन आणि डेव्हिसमधले २२४ यार्ड म्हणजे अख्ख्या मोसमात १५ गुण. बावीस सामन्यांत पंधरा गुण, सामन्याला पाऊण गुणही नाही. आता दुसरी बाजू: चेंडू गमावला की साधारण चार गुणांचं नुकसान. डिकरसनने १९८४ मध्ये १४ वेळा चेंडू सांडला. सांडलेला चेंडू कुणाच्या हाती जाईल हा बहुतांशी नशिबाचा खेळ, म्हणून निम्मे गेले असं धरू. सात गुणिले चार, २८ गुण. याच्या निम्म्याच वेळा सांडणारा बॅक डिकरसनपेक्षा १४ गुणांनी पुढे राहणार, आणि तेवढ्यात वरच्या आणि तळाच्या बॅकमधला धावण्याचा सगळा फरक भरून निघतो. विक्रमी मोसम, आणि त्यात ही गळती.

एका मोसमाचे फम्बल फारच थोडे असतात, म्हणून इथे कारकीर्दच घेतली. सँडर्सचे ४१ फम्बल. कॅरी आणि झेल मिळून ३,४१४ वेळा चेंडू हातात, म्हणजे ८३ वेळांत एक. डिकरसनचे ७८, ४२ वेळांत एक. पेटनचे ८६, ५० वेळांत एक. इतकी हुलकावणी देणारा, चेंडू हातात घेऊन गर्रकन फिरणारा माणूस या तिघांत सगळ्यांत कमी सांडतो हे मला अपेक्षित नव्हतं.

जुन्या काळात सगळेच जास्त सांडायचे, आता फम्बल खूप कमी झालेत. म्हणून प्रत्येकाला त्याच्या काळाशी ताडून बघायला हवं. ही दुरुस्ती किती करावी यावर ब्राउन-सँडर्सचा क्रम फिरतो: काहीच केली नाही तर गुणांच्या हिशेबात सँडर्स पुढे, पूर्ण केली तर दोघे बरोबरीला. मी पूर्ण केली. दादाला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

झेल. आतापर्यंत फॉक तळाशी होता आणि हे कुणालाच पटणारं नाही.

१९९९ मध्ये त्याने १,३८१ यार्ड धावून आणि १,०४८ यार्ड झेलून केले, एकूण २,४२९, चेंडू हातात आला ३४० वेळा. दर वेळी ७.१ यार्ड. ब्राउनचे याच मापाने ६.८, सँडर्सचे ६.४, बार्कलीचे ६.०. अर्थात झेलाची सरासरी फसवी: जो पास खाली पडला तो या हिशेबात येतच नाही, धाव मात्र प्रत्येक मोजली जाते.

फँटसी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मिळवायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या नियमांनी बघितलं तर गंमत आहे. दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, आणि फम्बलची वजावट बाजूला ठेवू. झेलाला वेगळा गुण नसेल तर बार्कली (२०२४) ३१८.३ आणि फॉक (१९९९) ३१४.९, म्हणजे बरोबरीच. झेलाला एक गुण द्यायला लागा, फॉक ४०१.९ आणि बार्कली ३५१.३. खेळाडू तेच, यार्ड तेच. नियमाच्या एका ओळीने पन्नास गुणांची दरी. टचडाउन तर मी मोजतच नाही: बार्कलीने २०२४ मध्ये धावून १३ टचडाउन केले आणि त्याच्याच क्वार्टरबॅकने, जेलन हर्ट्सने, १४. एका यार्डावरून मागून ढकलून केलेली ती टचडाउन बार्कलीच्या खात्यात गेली असती तर तो वाईट-चांगला काही ठरला नसता.

माझ्या इंजिनात फॉकला पास मिळायला लागल्यावर तो तळातून थेट वरच्या गटात गेला. सिम्पसनला याचा फटका बसला. १९७३ मध्ये त्याचे झेल अवघे सहा.

शनिवार, २३ ऑगस्ट

थकवा आणि दुखापत. मोसमात ३७० कॅरी ओलांडल्या की पुढच्या वर्षी बॅक मोडतो, अशी एक जुनी धारणा आहे. उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत: जमाल अँडरसन १९९८ मध्ये ४१० कॅरी, पुढच्या मोसमात दुसऱ्याच सामन्यात गुडघा. लॅरी जॉन्सन २००६ मध्ये ४१६, हा आजही विक्रम, आणि पुढच्या वर्षी आठच सामने. डेव्हिसचं वर आलंच. पण मग डिकरसनचं काय करायचं? १९८३ मध्ये ३९०, १९८४ मध्ये ३७९, १९८६ मध्ये ४०४, १९८८ मध्ये ३८८. ३७० कॅरी मिळतात कुणाला, तर जो त्या वर्षी धडधाकट राहिला आणि ज्याचा मोसम जमून आला त्याला. पुढच्या वर्षी यातलं काहीतरी निसटणारच. माझी लीग एका मोसमाची, म्हणून हा विभाग इंजिनातून काढूनच टाकला.

त्याच दिवशी काळाची दुरुस्तीही उरकली. सगळ्यांना ४.२कडे ओढणं अन्यायाचं होतं. एकेकाळी लीगची सरासरी चारच्या आसपास होती, हल्ली साडेचारच्या जवळ गेलीय. प्रत्येकाला आपापल्या काळाच्या सरासरीकडे ओढलं आणि त्या सरासरीच्या किती वर तेच मोजलं. बार्कली आणि हेन्री थोडे उतरले, डिकरसन आणि सँडर्स थोडे चढले. सिम्पसनबद्दल मन साशंक आहे: १९७२ मध्ये मैदानावरच्या हॅशमार्क (चेंडू ठेवायच्या जागेच्या खुणा) आत सरकवल्या, दोन्ही बाजूंना धावायला जागा झाली, आणि लगेच पुढच्या मोसमात त्याचे २,००३. पण तेव्हा ही जागा सगळ्यांनाच मिळाली होती, आणि १४ सामन्यांच्या मोसमात २,००० करणारा तो एकटाच आहे.

शनिवार, ३० ऑगस्ट

उद्या गौरी येतायत, मग तीन दिवस हात लागणार नाही, म्हणून आजच आवृत्ती गोठवली.

एकेरी क्रमांक देत नाही, गट देतो. ज्या दोघांमधला क्रम दर शंभर मोसमांत चाळीस वेळा तरी उलटतो, ते एका गटात.

पहिला गट: ब्राउन, सँडर्स, फॉक. नुसतं धावणं बघितलं तर ब्राउन, चेंडू सांभाळणं धरलं तर सँडर्स, पास धरला तर फॉक.

दुसरा गट: पीटरसन, सिम्पसन, आणि जरा मागे बार्कली, जॉन्सन. जॉन्सन इथे आला तो ५० झेलांमुळे. २००९चे त्याचे धावून आणि झेलून मिळून एकूण २,५०९ यार्ड हा अजूनही विक्रम आहे.

तिसरा गट: पेटन, हेन्री, डिकरसन. डिकरसन निव्वळ धावण्यात दुसऱ्या गटाला लागून होता, फम्बलने खाली ओढला. पेटनबद्दल वाईट वाटतं. २० नोव्हेंबर १९७७ला तापाने फणफणलेल्या अवस्थेत त्याने व्हायकिंग्जविरुद्ध २७५ यार्ड काढले होते, पण इंजिनाला ताप कळत नाही आणि त्याचं ब्लॉकिंगही मी मोजलेलं नाही. ते मोजलं तर तो नक्की वर सरकेल.

चौथा गट: लुइस, डेव्हिस. यशस्वी धावांचा रकाना लावला तर डेव्हिस इथून सुटतो, लुइस नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

यादी दादाला गेली. त्याने पहिला गट वाचला, पुढचं काही वाचलं की नाही देव जाणे. “म्हणजे पहिला सँडर्सच ना?” मी म्हटलं, तिघांत पहिला. “तिघांत पहिला म्हणजे पहिलाच की रे.” पैजेचं जेवण कोण देणार हे अजून ठरायचंय, त्याच्या मते मी, माझ्या मते कुणीच नाही.

पुढच्या आवृत्तीसाठी: एमिट स्मिथ (१९९५, २५ टचडाउन) आणि लाडेनियन टॉमलिन्सन (२००६, धावून २८) आत घ्यायचे. चौदा संघ, मोसमाला २६ सामने, कॅरीही त्या प्रमाणात वाढतील. ब्लॉकिंगसाठी वेगळा रकाना. ०.३५चा आकडा ०.२५ आणि ०.५० करून सगळं पुन्हा चालवायचं, ०.५० धरलं तर ओढ निम्म्याहून कमी होते आणि ब्राउन पहिल्या गटातून एकटाच वर निघून जाईल असा माझा होरा आहे.